पुरवणीची वही

पंचवटी, नाशिक
१२ ऑक्टोबर १९९८

चि. अपूर्वा,

आशीर्वाद घे, आणि हातातलं काम बाजूला ठेवून हे पत्र वाच.

तू पाठवलेला छापील कागदांचा गठ्ठा शनिवारी मिळाला. टपालवाल्याने सही मागितली. सूनबाई म्हणाली, "आबा, कुणाचं काय झालं?" म्हटलं, कुणाचं काही नाही, अपूर्वाने आपल्या वह्यांतली नावं छापून पाठवली आहेत. मालिनीने हुश्श केलं. माझं हुश्श अजून व्हायचं आहे.

पहिल्याच पानावरची सातवी ओळ बघ. "त्र्यंबकराव लक्ष्मण खैरन" असं छापलं आहे. खैरनारांचा खैरन झाला. त्याखाली आणखी चौघांची आडनावं अशीच तोडलेली आहेत. मी पट्टी लावून एकेक ओळ तपासली. एकशे अठरा माणसं कापली गेली आहेत. कुणाचं गाव गेलं, कुणाचं आडनाव गेलं, एकाचं तर बापाचं नाव गेलं.

मी चौथी शिकलो, नंतर तीन वर्षं पाठशाळेत होतो. तुझ्या संगणकातलं मला काही कळत नाही. पण एवढं कळतं की आपल्या घराण्याकडे गंगेवर, गोदेच्या या घाटावर, जे यजमान येतात, ते या नावांसाठी येतात. बाप आणि आजा त्यांना ठाऊक असतो. पणजाचं नाव बहुतेकांना माहीत नसतं. ते आपण वहीतून काढून द्यायचं, मग त्या नावाने पाणी सोडायचं. अर्ध्या नावाने हाक मारली तर जिवंत माणूससुद्धा वळून बघत नाही, मग गेलेला कसा बघेल?

माझ्यामागे घाटावरच्या ओट्यावर बसणारं कुणी नाही. तुझा काका विनू सातपूरला कंपनीत आहे, तो काही भिक्षुकीला येणार नाही. म्हणून मे महिन्यात तू वह्यांच्या झेरॉक्स नेल्यास तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता वाटतं, घाई झाली.

चौथी, पुरवणीची वही तू पुन्हा मागितली आहेस. ती बांधणीला दिली आहे. आली की कळवीन. फोन करू नकोस, मालिनीच उचलते आणि तिला सगळं विचारायची सवय आहे.

तुझा
आबा


कोथरूड, पुणे
२० ऑक्टोबर १९९८

प्रिय आबा,

नमस्कार, आणि एकशे अठरा जणांची माफी. त्यांना कुणी मारलेलं नाही, फक्त कागदावर येताना दारात अडकले.

चूक माझी आहे. मी प्रत्येक नावासाठी चोवीस घरांची एक पट्टी आखली होती. संगणक त्र्यंबकमधली अक्षरं तुमच्यासारखी तीन मोजत नाही. त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार, ब, क असं सुटं करून तो आठ घरं अडवतो. त्र्यंबकराव लक्ष्मण एवढ्यालाच एकोणीस गेली. मग खैरनारांनी जायचं कुठे? आणि दुसरीकडे "भिवा" नावाला जेमतेम चार घरं लागतात, त्याच्यापुढची वीस रिकामी. भिवाला वाडाभर जागा आणि खैरनार अंगणात.

मी ही पद्धत मोडून टाकली. आता सगळ्यांना सारखी पट्टी नाही. प्रत्येक नावाच्या आधी संगणक एक आकडा लिहितो, की पुढे इतकी घरं या माणसाची. मग तेवढीच घरं, की लगेच पुढच्या माणसाचा आकडा. भिवाच्या आधी चार, खैरनारांच्या आधी सव्वीस. कुणाला तोडायला नको आणि जागाही फुकट जात नाही.

नोंद फारच मोठी असेल, म्हणजे सात मुलं, दोन बायका, कोण कुठल्या साली आलं असं सगळं, तर ती त्या पानावर मावत नाही. तेव्हा संगणक मजकूर दुसऱ्या पानावर नेऊन ठेवतो आणि मूळ जागी फक्त पत्ता लिहितो. वाचणारा पत्ता वाचतो, तिथे जातो, पुढचं वाचतो.

आबा, तुम्ही हसाल. हे मी कॉलेजात शिकले तेव्हा मला फार नवल वाटलं होतं. मे महिन्यात वह्या चाळताना पणजोबांच्या हातची ओळ दिसली, "पुढे पुरवणी पान ४१ पाहावे". त्यांनी प्रत्येक घराण्याला दोन पानं दिली होती आणि भरली की पुरवणीचा पत्ता. आमचं शिक्षण तुमच्या वह्यांत कधीपासून पडलं होतं.

सुधारलेला गठ्ठा पाठवते आहे. पट्टी लावून तपासा. आणि बांधणीवाल्याच्या मागे लागा, पुरवणीशिवाय काम पुढे जात नाही.

तुमची
अपूर्वा


पंचवटी, नाशिक
९ नोव्हेंबर १९९८

चि. अपूर्वा,

आशीर्वाद. गठ्ठा तपासला. खैरनार पुरे झाले. बाकीचेही पुरे झाले. तीन दिवस लागले, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी सोडलं नाही.

पण मला झोप नाही. तू म्हणतेस आधी आकडा, मग अक्षरं. तो आकडाच चुकला तर? चारच्या जागी कुणी सहा लिहिलं, तर भिवाच्या शेजाऱ्याची दोन घरं भिवाच्या पोटात जातील. पुढच्याची सुरुवात बिघडेल, त्याच्या पुढच्याचीही बिघडेल. एका घराण्यातला माणूस दुसऱ्याच्या घरात जाऊन बसेल आणि कुणाला कळणारही नाही, कारण नाव तर दिसायला नावासारखंच दिसेल. वहीत खाडाखोड केली तर डाग राहतो. तुझ्या यंत्रात डाग राहतो का?

आणि त्या पत्त्याचं सांग. पत्ता लिहिलेला आहे, माणूस तिथे गेला, आणि घरच नसलं तर? मग यंत्र काय करतं? थांबतं, की शेजारच्या घरातलं काहीतरी उचलून आणून देतं? हे मला नीट सांग. मी सहज विचारतो आहे.

काल ओट्यावर बसलो होतो तर शेजारचे गुरुजी म्हणाले, "काय उपेंद्रशास्त्री, वह्या संगणकात घालताय म्हणे. मग तुम्ही काय करणार, नुसतं बटण दाबणार?" सगळे हसले. मीही हसलो. त्यांना कुणी सांगितलं ते कळेना. तू कुणाला बोलली होतीस का? मालिनी भाजी घ्यायला जाते तिथे बोलली असेल. तिला मी काही विचारलं नाही, विचारलं की ती उलट विचारते.

थंडी पडायला लागली आहे. पुरवणीचं माझ्या लक्षात आहे. बांधणीवाला आजारी आहे.

आबा


कोथरूड, पुणे
१७ जानेवारी १९९९

प्रिय आबा,

तिळगुळाची पुडी सोबत आहे. मी दिलेला तिळगूळ खाऊन तरी निदान यंत्राशी गोड बोला.

उत्तराला उशीर झाला, कारण तुमचे दोन्ही प्रश्न मी ऑफिसात नेले. माझ्या वरिष्ठांनी ते फळ्यावर लिहिले आणि म्हणाले, हे विचारणारे गृहस्थ आपल्याकडे कामाला येतील का? आकडा चुकला तर तुम्ही म्हणता तसंच होतं, एकाचं दुसऱ्याच्या पोटात. म्हणून प्रत्येक पानाच्या माथ्यावर कुठली नोंद कुठून सुरू होते याची यादी वेगळी ठेवलेली असते. एक बिघडली तरी पुढची सापडते. डाग राहत नाही हे मात्र खरं आहे. त्याची मलाही भीती वाटते.

पत्ता आहे आणि घर नाही, याचं उत्तर अवघड आहे. नीट लिहिलेला प्रोग्राम तिथे थांबतो आणि सांगतो की सापडलं नाही. वाईट लिहिलेला प्रोग्राम थांबत नाही. त्या जागी जे काही पडलेलं असेल तेच नाव म्हणून आणून देतो. आणि ऐकणाऱ्याला वाटतं, खरंच आहे.

म्हणून मी एक तपासणी लावली. तिन्ही वह्यांत मिळून त्रेसष्ट ठिकाणी "पुरवणी पाहावे" आहे, आणि पुरवणी माझ्याकडे नसल्यामुळे त्रेसष्ट पत्ते बिनघराचे आहेत. तिथे काय लिहू ते सांगा. संगणकात दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक म्हणजे नाव रिकामं आहे, म्हणजे आकडा शून्य, इथे कुणी नव्हतंच. दुसरी म्हणजे माहीत नाही, इथे कुणीतरी होतं पण आपल्याला ठाऊक नाही. त्याला शून्यसुद्धा लिहायचं नसतं. नवशिके या दोन्हींत गल्लत करतात.

आणखी एक गंमत सापडली. सत्तर सालानंतरच्या नव्या नोंदींत, या त्रेसष्टांपैकी ज्या घराण्यांतले लोक पुन्हा येऊन गेले, त्यांच्यात पणजोबांची नावं तीच तीच येतात. एकट्या "हैबती" नावाचे अकरा आहेत. सिन्नरला आहेत, निफाडला आहेत, येवल्याला आहेत. जुन्या पानांत शोधलं तर एकही हैबती नाही. मग एकाच पिढीत अकरा कसे? तेव्हा हे नाव एकदम चलतीत आलं होतं का?

कळवा. आणि पुरवणी.

तुमची
अपूर्वा


पंचवटी, नाशिक
३ फेब्रुवारी १९९९

अपूर्वास,

हे काम थांबव. पेपरात आलं आहे की वर्ष दोन हजार लागताच संगणकांना साल कळणार नाही आणि सगळं पुसलं जाईल. आपल्या यजमानांची नावं अशा यंत्रात मला नकोत.

झेरॉक्स सगळ्या परत पाठव. छापलेले कागद जाळ, रद्दीत देऊ नकोस. या विषयावर मालिनीशी, विनूशी किंवा तुझ्या वडिलांशी बोलू नकोस.

तिळगूळ मिळाला.

आबा


कोथरूड, पुणे
२२ मार्च १९९९

प्रिय आबा,

झेरॉक्स वेगळ्या टपालाने पाठवल्या आहेत. छापलेले कागद जाळले. संगणकातली नावं मात्र पुसलेली नाहीत. तुमचं न ऐकता हे पहिलंच काम करते आहे.

तुमचं पत्र वाचून मला आधी राग आला. नंतर काळजी वाटली, आणि तुम्ही नको म्हणाला होतात तरी मी फोन केला. मालिनीकाकूंना सहज विचारलं की पुरवणीची वही कुठल्या बांधणीवाल्याकडे आहे, मी स्वतः येऊन आणते. त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, मी एक्याऐंशी साली या घरात आले तेव्हापासून ती बांधणीलाच आहे."

मी त्यांना काही बोलले नाही. कुणालाच बोललेले नाही.

नंतर तुमचं नोव्हेंबरचं पत्र काढून वाचलं. पत्ता लिहिलेला आहे आणि घरच नसलं तर, असं तुम्ही विचारलं होतं. मी मूर्खासारखी फळ्यावर आकृत्या काढत बसले. तुम्ही यंत्राबद्दल विचारत नव्हता.

सांगायचं नसेल तर सांगू नका. सांगायचं असेल तर सगळं सांगा, मधलं मधलं गाळू नका. मी कापणार नाही.

तुमची
अपूर्वा


पंचवटी, नाशिक
११ जुलै १९९९

चि. अपूर्वा,

तुझ्या पत्राला चार महिने होत आले. एवढ्या दिवसांत सहा वेळा लिहायला बसलो आणि सहाही कागद फाडून बंबात घातले. आज मालिनी आणि विनू मनमाडला लग्नाला गेले आहेत, घरात कुणी नाही. दाराला कडी लावून लिहितो आहे.

एकोणसत्तरच्या पुरात चारही वह्या गंगेवर ओट्याच्या पेटीत होत्या. त्या घरी न्यायच्या हा वडिलांचा नियम होता. आदल्या दिवशी मी कंटाळा केला. सकाळी पाणी चढायला लागलं तसा धावत गेलो. तिन्ही मोठ्या वह्या पंचात बांधून पाठीला मारल्या, पुरवणी काखेत धरली. पायऱ्यांवर शेवाळ होतं. पाय सरकला तेव्हा हात सोडायचा की तोल सोडायचा, असं झालं. मी तोल सांभाळला. वही पाण्यावर पडली, उघडली गेली, थोडी तरंगली. तिची पानं दिसत होती. मग दिसेनाशी झाली.

वडील अर्धांगाने अंथरुणावर होते. त्यांनी पहिलं विचारलं, "चारही आल्या?" मी म्हटलं, आल्या, एक भिजली म्हणून बांधणीला दिली. ते म्हणाले, "चांगल्या माणसाकडे दे." मार्गशीर्षात ते गेले. त्यांच्या मागे मी तेच वाक्य सगळ्यांना सांगत राहिलो. इतकी वर्षं सांगितल्यावर कधी कधी मलाही वाटतं, खरंच कुठेतरी एक बांधणीवाला आहे.

पहिली काही वर्षं पुरवणीतलं आठवत होतं. मग आठवेनासं झालं. चौऱ्याहत्तर साली सिन्नर तालुक्यातल्या दोडीचे देवराम वडिलांच्या अस्थी घेऊन आले. बाप सांगितला, आजा सांगितला. पणजा त्यांना माहीत नव्हता. मी वही उघडली तर "पुढे पुरवणी पान ४१". देवराम हात जोडून बसलेले. शेजारच्या ओट्यावरचे कान इकडे. यजमानाला नाव मिळालं नाही तर तो उठून दुसऱ्या ओट्यावर जातो, आणि गेला की त्याचं सगळं गाव जातं. समोर हैबती माळी बसला होता, फुलं विकायचा, टोपलीतल्या झेंडूवर पाणी मारत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, हैबती.

देवरामांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "गुरुजी, आज आमचं घर पुरं झालं." त्या पाण्याची मला आजतागायत भीती वाटते.

मग सवयच झाली. घाबरलेला माणूस दूरचं नाव शोधत नाही, समोर दिसेल ते उचलतो. तू अकरा मोजलेस. मी कधी मोजले नव्हते.

ज्याचं नाव माहीत नाही त्यालाही पाणी देता येतं, तसं म्हणायची सोय शास्त्रात आहे. ती मला पाठ होती. फक्त यजमानासमोर "मला माहीत नाही" एवढं म्हणावं लागतं. ते मी पंचवीस वर्षं म्हटलं नाही. ज्यांची खरी नावं होती ते उपाशी बसले असतील. माझं वय पंच्याहत्तर आहे. मी आता त्यांच्याकडेच जाणार. ते मला काठावर गाठतील आणि विचारतील, तेव्हा मी काय सांगू?

हे पत्र वाचून जाळ. नको, जाळू नकोस. काय करायचं ते तूच ठरव.

आबा


कोथरूड, पुणे
८ ऑगस्ट १९९९

प्रिय आबा,

तुमचं पत्र माझ्या कपाटात कुलपात आहे. वाचून मलाही भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मृतांची नाही. गेल्या वर्षी मी तुमच्या शब्दावर तिन्ही वह्या संगणकात घातल्या. ही नावं छापून यजमानांना दिली असती तर तुमचे हैबती छापील झाले असते. वहीतल्या नावावर लोक कधीतरी शंका घेतात, छापलेल्यावर घेत नाहीत.

काय करायचं ते मला ठरवता येणार नाही. मला येतं तेवढं सांगते. त्रेसष्ट जागी मी "माहीत नाही" असं घातलं आहे. शून्य घातलेलं नाही. त्या जागी माणसं होती, एवढं यंत्राला कळलं पाहिजे.

अकरा हैबती मी पुसलेले नाहीत. एखादी नोंद बदलून जागेत मावेनाशी झाली की आम्ही ती दुसरीकडे नेतो, आणि जुन्या जागी चिठ्ठी ठेवतो की पुढे अमुक ठिकाणी पाहा. जुना पत्ता घेऊन आलेला माणूस निदान रस्ता चुकत नाही. हैबतीच्या जागी तशी चिठ्ठी ठेवता येईल. पण पुढच्या जागी काय लिहायचं, ते तुम्हीच लिहायला हवं. तो मजकूर माझ्याकडे नाही आणि मी बनवणार नाही.

कितीही लांब असला तरी चालेल.

तुमची
अपूर्वा


पंचवटी, नाशिक
२७ फेब्रुवारी २०००

चि. अपूर्वा,

आशीर्वाद. साल बदललं, काही पुसलं गेलं नाही असं तू पोस्टकार्डात कळवलंस. त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. खरं सांगतो, थोडं वाईट वाटलं. सगळं पुसलं गेलं असतं तर मी आपोआप सुटलो असतो.

मंगळवारी सकाळी ओट्यावर एक पन्नाशीचा माणूस आला. डोकं नुकतंच भादरलेलं, हातात टोपी. म्हणाला, "दोडीचा कारभारी. देवरामचा ल्योक. म्हातारा गेला आमचा."

मनाशी हिशेब केला. कारभारींचा बाप देवराम, मग आजा, मग पणजा, तीन पिढ्या झाल्या. हैबती आता त्या तिघांच्या वर गेला. विधीत त्याचं नाव घ्यायचं कारणच उरलं नाही. गप्प बसलो तर कुणाला काही कळणार नव्हतं. मी तिन्ही नावं घेतली, ती खरी होती. वाटलं, देवाने सोडवलं.

तर कारभारी म्हणाले, "गुरुजी, आमच्या हैबतीबाबाचं बी नाव घ्या. तुमीच दिलं व्हतं म्हाताऱ्याला. बांधावर दगड मांडलाय त्याचा. पेरणीच्या आधी नारळ फोडतो, दर अवसेला दिवा असतोय. म्हातारा जाताना म्हनला, त्याचा दिवा इझू द्यायचा नाय."

मी पळी खाली ठेवली. शेजारच्या ओट्यावर दोघे बसले होते, ते ऐकत होते. तरी सगळं सांगितलं. पूर, वही, पायरी, टोपलीवर पाणी मारणारा माळी. सांगताना त्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही, पळीकडे बघत होतो.

कारभारी उठले. पायऱ्या उतरून पाण्याशी गेले. मला वाटलं, आता हा चार लोक गोळा करून येणार. तिथे किती वेळ उभे होते कळत नाही. परत आले तेव्हा त्यांचे पाय घोट्यापर्यंत भिजलेले होते.

म्हणाले, "आमचा म्हातारा पंचवीस वर्सं त्या दगडाशी बोलायचा. पीक गेलं तरी तिथं, पोरीचं लगीन ठरलं तरी तिथं. हे तुमी लय वाईट केलं."

मी म्हटलं, "हो."

"मंग तो हैबती हाय कुठं आता?"

"गेला. ब्याऐंशी साली, इथेच पायऱ्यांवर."

"मागं कोन हाय त्याच्या?"

"कुणी नाही. बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. आम्हीच चौघांनी नेलं."

त्यांनी टोपीची घडी मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "म्हंजी त्याला पानी देनारं कोनीच नव्हतं."

मी मान हलवली.

"तर मंग त्यालाच पोचलं म्हना की पंचवीस वर्सं." पुढे म्हणाले, "घ्या त्याचं नाव. दगड काय मी उचलनार नाय. पन आमचा जो खरा हाय, त्याचं काय?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

अपूर्वा, एवढ्या तीन शब्दांना मी तीस वर्षं घाबरत होतो. म्हणून झाल्यावरही भीती गेली नाही, हेही तुला सांगतो. मग ज्याचं नाव माहीत नाही त्याच्यासाठी जे म्हणायचं असतं ते म्हटलं. कारभारींनी दोन वेळा पाणी सोडलं, एकदा त्याला, एकदा हैबतीला. जाताना मला नमस्कार केला नाही. पण बजावून गेले की हे सगळं वहीत लिहा, आणि अवसेला आणखी एक दिवा लावतो म्हणाले.

शेजारचे गुरुजी तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. गंगेवर बातमी फिरली आहे. कालच मालिनीने विचारलं, "आबा, बांधणीवाला नव्हताच ना?" मी नाही म्हटलं. तिने चहा आणून ठेवला आणि पुढे काही विचारलं नाही. तिने न विचारण्याची ही पहिलीच वेळ.

खालची नोंद मी वहीत केली आहे. तशीच तुझ्याकडे घाल.

"मौजे दोडी, तालुका सिन्नर. देवराम यांचे पणजोबा, नाव माहीत नाही. पुरवणीची वही सन १९६९ च्या पुरात माझ्या हातून गेली. सन १९७४ मध्ये या जागी मी हैबती असे नाव सांगितले, ते खोटे होते. हैबती माळी गंगेवर फुले विकीत असे. त्याच्या मागे कोणी नव्हते. देवराम यांचे चिरंजीव कारभारी यांच्या सांगण्यावरून त्याचे नाव पुसलेले नाही. लिहिणार उपेंद्र."

हैबतीच्या जुन्या जागी चिठ्ठी ठेव आणि इकडचा पत्ता दे. नोंद लांब आहे, मला ठाऊक आहे. आधी घरं नीट मोज, मग आकडा घाल, मग अक्षरं. दोनदा तपास. एकही अक्षर कापू नकोस, "खोटे होते" तर नाहीच.

बासष्ट पत्ते राहिले आहेत. दहा घराण्यांत हैबती अजून बसलेला आहे आणि त्यांतलं कोण कधी येईल सांगता येत नाही. अनोळखी यजमान पायऱ्या उतरताना दिसला की भीती वाटते, पूर्वी वाटायची तशीच. फक्त आता मी समोर बघत नाही. मान खाली घालून वही उघडतो, आणि पानावर पुरवणीचा पत्ताच निघाला तर आधी तेच तीन शब्द सांगतो.

तुझा
आबा